नाताळची आवराआवर

२६ डिसेंबर

ही डायरी काल सुनेने दिली, नाताळची भेट म्हणून. डायरी पुढच्या वर्षाची आहे, पण सुरुवातीला चार कोरी पानं आहेत. ती वाया कशाला घालवायची म्हणून आजपासूनच लिहिते.

मी तिला म्हटलं, "मला कशाला गं डायरी? मी काय पुढारी आहे?"

"लिहीत जा, आई. बोलायला कोणी नसलं की बरं वाटतं."

आता बोलायला कोणी नसायला काय झालं? ती आहे, चिऊ आहे. चिऊ म्हणजे माझी नात, आठ वर्षांची, झोपेतसुद्धा बडबडते. तळमजल्यावर बँडमास्तर आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं वाजवणं तोंडानेच चालतं, जिन्यात गाठ पडली की अर्धा तास गेलाच. पण भेट दिलीय तर लिहायला हवं.

एक आधीच सांगून ठेवते. या वहीत 'तो' म्हणजे माझा मुलगा. दुसरा कुणी 'तो' नाही. लिफ्ट दुरुस्त करायचा. दीड वर्ष झालं त्याला जाऊन. संध्याकाळी कामावरून येत होता, ट्रकने उडवलं. एवढंच लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

गेल्या नाताळला घरात पणतीएवढाही उजेड केला नव्हता. या वर्षी चिऊने हट्ट धरला म्हणून झाड लावलं. सगळं त्याच्या पद्धतीने लावलं. कुठला गोळा कुठल्या फांदीला ते मला पाठ आहे. चिऊने लाल गोळा वर टांगला होता, तो मी खाली घ्यायला लावला. लाल गोळा नेहमी खालीच असायचा.

२८ डिसेंबर

आजपासून उतरवायला घेतलं. सुनेची घाई. शाळा सुरू व्हायच्या आत सगळं जागेवर जायला हवं म्हणे. मी म्हटलं, झाडाला काय भूक लागलीय? राहू दे की आणखी आठवडा. ती नुसती हसली आणि स्टूल ओढलं.

या सामानाचं एक आहे. शेवटचं बांधून ठेवलं ते त्याने. काचेचे गोळे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दिव्यांची माळ फळकुटाच्या तुकड्यावर आठाच्या आकारात, देखाव्याच्या गोठ्यातली मेंढरं आणि राजे जुन्या मोज्यांत. तारा त्याने स्वतःच केलेला, लिफ्टच्या तारेचा. या डिसेंबरमध्ये खोकी उघडली तेव्हा प्रत्येक कागद मी जपून काढला. त्याने चुरगळला होता तसाच ठेवला, सपाटसुद्धा केला नाही. पुन्हा त्यातच ठेवायचे होते गोळे. पिशवीत भरून ठेवलेत, दाराआड.

आज फक्त माळ उतरवली. चिऊ फळकुट धरून बसली आणि मी गुंडाळली. माझी गुंडाळी थोडी सैल पडते. त्याची घट्ट असायची.

उजवा खांदा जरा ठणकतोय. थंडीने असेल.

२९ डिसेंबर



दाराआडची पिशवी नाही. विचारलं तर सून म्हणाली, "ते कागद? सकाळी खाली टाकले, आई. शाई सुटते त्यांची, गोळ्यांना लागते. मी नवीन आणलेत, पांढरे."

मी चपला न घालता खाली धावले. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. डबा धुतलेलाही होता. मी त्या ओल्या डब्यात वाकून बघतेय आणि बँडमास्तर दारातून विचारतात, "वहिनी, काय पडलं?" काय सांगणार?

वर येऊन मी नको ते बोलले. म्हटलं, "त्याचे हात लागले होते त्या कागदांना. तुला काय, तू शाई बघितलीस." ती भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ नळ सोडून. पाण्याखाली एकही भांडं नव्हतं.

चिऊ मध्येच म्हणाली, "आजी, मी तुला दुसरे कागद चुरगळून देऊ?"

मी तिच्यावरही खेकसले. ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. माझ्या नातीने मला घाबरून लपावं! जेवले नाही.

३१ डिसेंबर

लोक खाली गाणी वाजवताहेत. आम्ही तिघी नऊलाच दिवे घालवले.

२ जानेवारी

सुनेने काय आरंभलंय कळत नाही.

आमच्याकडे तीन मोठी खोकी होती, माळ्यावर जायची. तो एका हाताने वर सारायचा. आता तिने दवाखान्यातून लहान लहान खोकी आणलीत. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथे बाटल्या येतात त्यातून. अशी बरीच आणली. एकेका खोक्यात मोजके गोळे. प्रत्येकावर चिऊने चित्र काढलंय, गोळ्याचं, मेंढीचं, ताऱ्याचं. मेंढी डुकरासारखी दिसते, पण कळते. झाडाचेसुद्धा तीन भाग वेगळे करून तीन पिशव्यांत भरले.

आणि हे सगळं माळ्यावर नाही. माझ्या खोलीतल्या कपाटात, खालच्या दोन कप्प्यांत! तिथल्या माझ्या चादरी, उशा सगळं माळ्यावर गेलं.

"अगं, उलटं नाही का हे? नाताळ येतो वर्षातून एकदा आणि चादरी लागतात रोज."

"दोन चादरी बाहेर ठेवल्यात, आई. तुम्हाला किती लागतात?"

बघा. म्हणजे माझ्या चादरी पण ही मोजणार.  तीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात काजं शिवली, पण माझं कपाट कधी कुणी लावलं नव्हतं.

ती प्रत्येक खोकं भरलं की डाव्या हाताने उचलून बघते. पुन्हा खाली ठेवते, दोन गोळे काढते, पुन्हा उचलून बघते. विचारलं तर म्हणे, काही नाही.

४ जानेवारी

आज सुनेने मला फ्यूज बदलायला शिकवलं. खुर्चीवर बसवून, लहान मुलीला शिकवतात तसं. मी म्हटलं, तू आहेस ना बदलायला. ती म्हणाली, "मी कामावर असताना गेला तर?" गेला तर गेला, मी अंधारात बसेन.

शिवाय घराची एक किल्ली बँडमास्तरांकडे दिली. मला न विचारता! मास्तरांनी ती माझ्यादेखत किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि खोकले. त्यांचं खोकणं मला कळतं. काहीतरी माहीत असलं की ते असेच खोकतात.

सून हल्ली फोन जिन्यात जाऊन घेते. मी दाराला कान लावला नाही, पण दार पातळच आहे. "हो, आईंचं काय ते बघतेय मी," असं म्हणाली. "एकदा त्यांची सोय लागली की..." पुढचं ऐकू आलं नाही.

सोय. माझी सोय. चादरी काढून घेतल्या, कपाट लावलं, किल्ली दिली. मला वृद्धाश्रमात ठेवणार आहेत, दुसरं काय? दोन चादरी तिथेच न्यायच्या असणार.

५ जानेवारी

दिवसभर वाट बघितली, आता सांगेल, मग सांगेल. तिने साधी खिचडी केली आणि मला जास्त वाढली. अपराधी माणूस असंच वाढतो.

मी ठरवलंय. जाणार नाही. पोलिसांना बोलवा म्हणावं.

७ जानेवारी

वृद्धाश्रम नाही.

चिऊ आणि मी झाड उभं होतं ती जागा झाडत होतो. चमकीचा कचरा फरशीच्या फटीत जाऊन बसतो, तो ती हेअरपिनने काढत होती. काढता काढता म्हणाली, "आजी, मावशीच्या घराजवळच्या शाळेत बाग आहे. पण झोपाळा एकच आहे."

"तुला काय करायचंय तिथल्या झोपाळ्याशी?"

ती थांबली. पिन हातात तशीच. "आई म्हणाली होती, मी सांगायचं नाही."

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि बसले. मग तीही बसली, माझ्या मांडीवर, आता मावत नाही तरी.

संध्याकाळी सून आल्यावर मीच म्हटलं, "कधी जाताय?"

तिने पर्स खांद्यावरून काढलीच नाही, तशीच उभी राहून सगळं सांगितलं. तिच्या बहिणीच्या शहरात मोठं इस्पितळ आहे, तिथे जागा मिळाली. दिवसपाळीच, रात्रपाळी नाही. चिऊची शाळा जवळ. ऑक्टोबरपासून चाललं होतं. नाताळ होईपर्यंत सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि नाताळ झाल्यावर जीभ उचलेना.

"आणि मी?"

"तुम्ही चला ना, आई. मी कितीदा म्हणणार होते. खोली लहान आहे, पण..."

"हे घर सोडून? त्याची खोली सोडून?"

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली. "उत्तर माहीत होतं."

९ जानेवारी

बोलत नाही मी तिच्याशी. पोळ्या करते, वाढते, पण बोलत नाही. चिऊमार्फत चालतं. "तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय." तोवर ते उतू गेलेलं असतं.

११ जानेवारी

शेवटी बोलावंच लागलं. तो विषयच तसा होता. मी रात्रभर विचार करून मन मोठं केलं होतं. म्हटलं, "सामानाचे दोन भाग करू. अर्धे गोळे तू ने. गोठा चिऊला. तारा मात्र माझ्याकडे राहील."

मला वाटलं, तारा मागेल. भांडायची तयारी ठेवून बसले होते.

ती म्हणाली, "मला काहीच नको, आई."

"काहीच नको म्हणजे?"

"काहीच नको. सगळं तुमच्याकडेच ठेवा." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिचा आवाज चढला. "या घरात एक गोळासुद्धा इकडचा तिकडे चालत नाही, आई. लाल खाली, निळा वर, मेंढी डावीकडे. चिऊने त्या दिवशी लाल गोळा वर लावला तर तुम्ही काढायला लावलात. तिला वाटलं तिच्या हातून पाप झालं. बाबाला राग येईल का, असं विचारत होती मला. मेलेल्या बापाला राग येईल का! मी काय सांगायचं तिला? मलाही श्वास घ्यायचाय. मला त्याची आठवण काढायचीय, पण माझी माझी. तुमच्या नजरेसमोर, तुम्ही म्हणाल तशी नाही."

चिऊ खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. हातात काहीच नव्हतं. सवयीने नेले.

मी आत जाऊन पडले. ती कृतघ्न आहे असं लिहिणार होते. लिहिलं नाही. त्या पोरीचे हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

१४ जानेवारी

दुपारी घरात एकटी होते. चादर हवी होती, बाहेरच्या दोन्ही वाळत होत्या. चादरी माळ्यावर. स्टुलावर चढले, उजवा हात वर केला आणि खांद्यातून अशी कळ आली की स्टूल धरून उतरावं लागलं. खूप दिवसांपासून वर जात नाही तो हात. मी कुणाला सांगितलं नव्हतं. केस विंचरताना मान वाकवते, कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटायचं.

खाली बसले ती कपाटासमोरच. मेंढीचं चित्र असलेलं खोकं हाताशी होतं. उगाच ओढलं आणि डाव्या हाताने उचललं. उचललं गेलं. दुसरं ओढलं. तेही उचललं गेलं. तिसरं, चौथं, सगळी. एकही असं नाही की जे डाव्या हाताने उचललं जाणार नाही, एकही असं नाही की ज्याला वाकण्यापलीकडे काही करावं लागेल.

एकेक खोकं परत कप्प्यात सारलं, डाव्याच हाताने. फरशी गार होती.

संध्याकाळी मास्तरांना जिन्यात विचारलं, "ती जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

ते खोकले. "वहिनी, तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय की रोज सकाळी तुमच्या दारावर टकटक करायची. मी म्हटलं, त्या शिव्या देतील. ती म्हणाली, दिल्या तर समजा ठीक आहेत."

१६ जानेवारी

बोलायला लागले. काही विशेष नाही. "चिऊचा स्वेटर वाळलाय का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "बाहीला ओल आहे अजून." मग आम्ही दोघींनी तो स्वेटर एकेका बाहीला धरून हीटरसमोर धरला. चिऊ मधून आरपार पळत होती.

रडू येत होतं, पण स्वेटर पुन्हा ओला झाला असता.

१९ जानेवारी

उद्या जाणार. आज बॅगा भरल्या. मी घड्या घातल्या, ती भरत होती. घड्या मी चांगल्या घालते, त्याबद्दल कुणी बोलायचं काम नाही.

मोठ्या बॅगेत तळाशी, तिच्या कपड्यांच्या मध्ये, एका लोकरी टोपीत काहीतरी गोल लागलं. काढून बघितलं. वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा. जुना, पिवळट, मध्ये पोकळ. गोळ्याच्या आकाराचा.

ती झडप घालायला आली आणि थांबली. 

"बाकीचे मी बघू शकत नव्हते, आई," ती म्हणाली. "रोज दाराआड दिसायचे. असं वाटायचं तो आत्ता गुंडाळून उठलाय. एक ठेवला आणि बाकीचे टाकले. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

मी बोळा परत टोपीत ठेवला. टोपीची कड आत दुमडली, म्हणजे निसटणार नाही. वर स्वेटर ठेवले. म्हटलं, "मऊ कपडे वर ठेव, दाबू नकोस." 

२० जानेवारी

गेल्या. सकाळची बस होती. मास्तरांनी बॅगा उतरवल्या आणि त्यांना दम लागला, तरी हमाल नको म्हणाले. चिऊने खिडकीच्या काचेवर वाफ सोडून काहीतरी लिहिलं, पण ते तिच्या बाजूने सरळ आणि माझ्या बाजूने उलटं. वाचेपर्यंत बस निघाली.

सून पाया पडायला वाकली तर मी खांदे धरून उभी केली. दोन्ही हातांनी. कळ आली, येऊ दे.

२५ जानेवारी

मास्तर रोज टकटक करतात. आज मी शिव्या दिल्या. ते खूश होऊन गेले.

एका माणसाचा स्वयंपाक करायला जमत नाही. भात नेहमी उरतो.

३ फेब्रुवारी

चिऊची मेंढी डुकरासारखी दिसते असं मी लिहिलं होतं. आज पुन्हा बघितली. मेंढीच आहे. कान मोठे काढलेत, एवढंच.

आज त्याच्या खोलीतली खिडकी उघडली. धूळ होती. पुसली. पडदा काढून धुवायला टाकला. तो पडदा त्याच्या वेळचा, दीड वर्ष धुतला नव्हता. धुतल्यावर निळा निघाला. मी राखाडी समजत होते.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी फोन आला. चिऊ होती. शाळेतल्या झोपाळ्याबद्दल सांगत होती, रांग मोठी असते, पण एक मुलगी तिला पुढे घेते. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आजी, आई बाथरूममध्ये जाऊन रडतेय. सांगू नकोस म्हणाली आहे."

"तिला फोन दे."

"ती घेणार नाही."

"दारातून आत सरकव. म्हणावं, आजी लाइनवर आहे आणि फोन ठेवणार नाही."

बराच वेळ नुसते आवाज. दाराचा, पाण्याचा. मग तिचा श्वास आला.

मी म्हटलं, "काय झालं गं? कुणी काही बोललं का कामावर?"

"नाही. सगळे चांगले आहेत."  "आई, काल दिवसभर मला त्याची आठवण आली नाही. एकदासुद्धा नाही. सकाळी उठले, कामावर गेले, दुपारी सगळ्यांबरोबर डबा खाल्ला, कुणीतरी काहीतरी बोललं, मी हसले. आज एकदम लक्षात आलं, काल तो माझ्या मनातच नव्हता. मी त्याला तिथे टाकून आले, आई."

खोटं कशाला लिहू? क्षणभर राग आला. दिवसभर आठवण आली नाही! माझा दिवस सुरू होतो तोच त्याच्यापासून. काहीतरी लागेल असं बोलणार होते. पण ती रडत होती ते अगदी लहान मुलीसारखं, हुंदका गिळून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "ऐक. बायका मूल आईकडे ठेवून कामाला जातात ना? दिवसभर कामात असतात. मूल कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून निर्धास्त असतात. ते काय मुलाला टाकणं झालं?"



"तो माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "मी कुठे जात नाही. तू आपली कामाला जा."

मग ती मोठ्याने रडली. मी फोन कानाला धरून बसले. चिऊ दाराबाहेरून विचारत होती, "झालं का? झालं का?" थोड्या वेळाने सून म्हणाली, "आई, तुम्ही जेवलात?" मी म्हटलं, जेवले. तिने विचारलं, काय केलं होतं? मी सांगितलं, वरण-भात.

काही केलं नव्हतं. फोन ठेवल्यावर उठून कुकर लावला.